उसनी जीभ

माउंट हर्मनच्या चर्चमध्ये दफनानंतरचं जेवण असलं की हॅम कुणी आणायचा, बटाट्याचं सॅलड कुणी करायचं, घेवडा कुणाकडे, हे दर वेळी बायका फोनवर ठरवत. चहाचं कधी ठरवावं लागत नसे. चहा व्हर्डी ग्रिफिसचा. सदतीस वर्षं ती दर मयताला गॅलनच्या आठ बरण्या भरून आणत होती. त्यातल्या सात गोड आणि एक बिनसाखरेची, साखरेचा आजार असलेल्यांसाठी. बिनसाखरेच्या बरणीच्या गळ्याला पिवळी चिकटपट्टी असे. गोड बरणीला काहीच नसे, कारण चहा म्हणजे गोडच.

आता गोड म्हणजे किती, हे ज्या त्या मुलखाचं ठरलेलं असतं. खाली जॉर्जियात चहा इतका गोड करतात की ओठ एकमेकांना चिकटतात. वर पेनसिल्व्हेनियाकडे चहा तसाच आणून देतात आणि शेजारी साखरेच्या पुड्या ठेवतात. थंड चहात ती साखर तळाशी जाऊन बसते, मग कितीही ढवळा. व्हर्डीचा मुलूख या दोन्हींच्या मधला, व्हर्जिनियाच्या खालच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. इथे साखर चहा गरम असतानाच विरघळवायची, पण घोट गिळल्यावर जिभेवर आधी चहा यायला हवा आणि मागून साखर. व्हर्डीचा चहा बरोब्बर तसा होई. पाणी उकळायचं, खाली उतरवून त्यात टी-बॅगा सोडायच्या, कडवटपणा मरावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालायचा, पंधरा मिनिटांनी बॅगा न पिळता काढायच्या, मग साखर, मग थंड पाणी. साखर ती मापून घालत नसे. पिशवीतून धार सोडायची, ढवळायचं, चमचाभर चाखायचं, लागली तर आणखी. किती घालता असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बरोबर लागेपर्यंत." यात लपवाछपवी नव्हती. तिला खरंच आकडा माहीत नव्हता.

व्हर्डी ओढ्यापलीकडच्या एकर्स घराण्यातली मुलगी. वडील लाकडाच्या गिरणीत. १९६८ साली जॉर्जियातल्या वेक्रॉसहून हॉइट ग्रिफिस नावाचा तरुण इथल्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला आला आणि रविवारी चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसू लागला. पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं तेव्हा त्याने चहाचा घोट घेतला आणि अगदी निर्मळ मनाने विचारलं, "साखर संपली का हो घरातली? मी आणून देऊ?" वडील हसले. आई हसली नाही. पाहुणा गेल्यावर ती म्हणाली, "पोरगा सरळ आहे, पण तोंड लाडावलेलं आहे."

लग्नानंतर दोन वर्षं हॉइट आपल्या ताटाशेजारी साखरेच्या पाकाची बाटली ठेवत असे आणि ग्लासात ओतून घेई. व्हर्डीला ते मनातून लागे. मग १९७१ च्या मे महिन्यात पास्टरने बाप्तिस्मा देताना त्याला ओढ्याच्या गार पाण्यात बुडवून काढलं, आणि त्याच उन्हाळ्यात ती बाटली फडताळातून नाहीशी झाली. व्हर्डीच्या मनात या दोन गोष्टी जोडूनच राहिल्या. नवरा आपल्या चर्चचा झाला आणि आपल्या चहाचाही झाला, असं ती धरून चालली. हॉइटने कधी काही म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

२०२१ च्या जानेवारीत कोविडचा तो आजार इकडेही आला. हॉइटला दोन दिवस खोकला झाला. व्हर्डी अकरा दिवस अंथरुणात होती. उठली तेव्हा कॉफी नुसतं गरम पाणी लागली आणि बेकन ओल्या कागदासारखं. तिने साखरेचा डबा उघडून बोट लावून चाखलं. वाळू खाल्ल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, चव परत येईल, कुणाची महिन्यात येते, कुणाची वर्षाने. तिने हे हॉइटला सांगितलं आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही असं बजावलं.

त्याला कारण होतं. व्हर्डीच्या आधी चहा मिस एफीकडे होता; इकडे वयाने मोठ्या बायकांना, लग्न झालेल्यांनाही, मिस म्हणतात. म्हातारपणी एफीचे हात थरथरू लागले, बरण्या सांडू लागल्या, तेव्हा बायकांनी फार गोड बोलून तिला कागदी नॅपकिनच्या घड्या घालायला बसवलं. हे गोड बोलायला व्हर्डीच गेली होती. एफीने पुढची चार वर्षं घड्या घातल्या, तक्रारीचा शब्द काढला नाही, पण स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसायची. व्हर्डीला ती पाठ चांगली आठवत होती. चहा गेला तर आपणही त्याच खुर्चीत, हे तिला दिसत होतं. ती रोज सकाळी बायबल वाचून झाल्यावर प्रार्थना करी, आणि त्यात बाकी स्वादांचं काही मागणं नसे. चहापुरती जीभ परत दे, एवढंच असे.

मार्चमध्ये ब्रदर क्लीव गेले. व्हर्डीने पाणी उकळलं, बॅगा काढल्या, हाताच्या सवयीने साखरेची धार सोडली आणि चमचा तोंडात घेतल्यावर तशीच उभी राहिली. ओलं होतं, बाकी काही कळेना. तिने खिडकीतून हाक मारली.

"हॉइट, आत ये जरा. हे घे, एक घोट घे."

हॉइट गॅरेजमधून हात पुसत आला. "काय झालंय त्याला?"

"काही झालं नाही. बरोबर आहे का सांग."

"मला विचारतेस? बावन्न वर्षांत पहिल्यांदा."

"मग आता विचारतेय ना. भाव खाऊ नकोस."

त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, छताकडे बघितलं. "जरा कमी आहे."

"तुला आवडतो तसा सांगू नकोस. नेहमीसारखा आहे का ते सांग."

"अगं, तुझ्या हातचा चहा इतकी वर्षं पितोय, मला ओळखू येणार नाही? जरा कमी आहे."

तिने आणखी धार सोडली. तो पुन्हा प्यायला आणि म्हणाला, "आता आला जवळपास." व्हर्डीने देवाचे आभार मानले. जीभ नाही दिली तर नाही, जिभेची सोय तर केली.

असं दीड वर्ष चाललं. बारा-तेरा मयतं झाली, एक पन्नासाव्या लग्नदिवसाचं जेवण झालं. दर वेळी हॉइट गॅरेजमधून यायचा, चाखायचा आणि मान हलवून म्हणायचा, "थोडी घाल अजून." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटायचं. आणि व्हर्डी घालत गेली.

आमच्या चर्चमध्ये मयताच्या जेवणाला कुणी नाव ठेवत नाही. घेवडा खारट झाला तरी खायचा, पाव करपला तरी मागून घ्यायचा. मेलेल्याच्या घरच्यांसाठी ते अन्न रांधलेलं असतं आणि त्यात खोड काढणं म्हणजे त्या घरात खोड काढणं. त्यामुळे व्हर्डीला सगळ्यांनी पूर्वीसारखंच म्हटलं, "चहा सुरेख झालाय, मिस व्हर्डी."

तिच्या नजरेस काही गोष्टी पडल्या, पण त्यांचा अर्थ तिने आपल्या परीने लावला. एक म्हणजे चर्चमधला बर्फ पुरेनासा झाला. पूर्वी यंत्रातला निम्मा बर्फ उरे, आता जेवण अर्ध्यावर असतानाच खोका रिकामा. तिने चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या डीकनकडे तक्रार केली. डीकनने यंत्र उघडलं, पुसलं, पुन्हा लावलं. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा तक्रार केली, त्याने पुन्हा उघडलं. दुसरं म्हणजे पिवळ्या पट्टीची बरणी. ती पूर्वी अर्धी भरलेली परत यायची. आता सगळ्यात आधी तीच संपे. व्हर्डीला वाटलं, गावात साखरेचा आजार फार वाढला. तिने रोजच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी एक ओळ वाढवली आणि बिनसाखरेच्या दोन बरण्या आणायला लागली.

२०२२ च्या ऑक्टोबरात ऑर्व्हिल बोमन गेला. त्याची मुलगी जॉर्जियात दिलेली, तिकडची सासरची अकरा माणसं मोठी गाडी करून आली. दफन झाल्यावर सगळे चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलांवर जेवायला बसले. मुलीची सासू मिस क्लायडी, निळी टोपी घातलेली धिप्पाड बाई, पास्टरच्या समोर बसली होती. तिने अर्धा ग्लास एका दमात रिकामा केला आणि तो टेबलावर ठेवून म्हणाली, "पास्टर, मला माफ करा. इतक्या वर्षांत इकडे चारदा आले, चारही वेळा घरी जाऊन म्हटलं की माणसं देवमाणसं आहेत पण चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. आज मात्र मानलं. आईच्या हातचा वाटला. कुणी केला?"

"आमच्या मिस व्हर्डीने," पास्टर म्हणाले आणि घेवड्यात काटा फिरवू लागले.

"तुम्ही कुठल्या हो, मिस व्हर्डी? आमच्याकडच्याच ना?"

"मी इथलीच," व्हर्डी म्हणाली. हातात बरणी घेऊन ती टेबलाच्या टोकाशी उभी होती. "ओढ्यापलीकडची."

"छे. इथल्या हातात एवढी साखर नसते. घरात कुणीतरी आमच्याकडचं आहे, पैज लावा."

दोन खुर्च्या सोडून बसलेल्या हॉइटने काटा वर केला. "मी आहे ना. वेक्रॉसचा."

"तरीच म्हटलं," मिस क्लायडी म्हणाली, आणि तिच्याकडची अकरा माणसं हसली.

बाकी कुणी हसलं नाही. माउंट हर्मनची साठ-सत्तर माणसं आपापल्या ताटात बघत होती, जणू हॅमवर काही लिहिलं होतं. व्हर्डीने टेबलांवरून नजर फिरवली. पाहुण्यांचे ग्लास गडद तांबूस. आपल्या लोकांचे ग्लास काठोकाठ बर्फाचे, आत पेंढ्याच्या रंगाचं काहीतरी. आणि पिवळ्या पट्टीची बरणी हातोहात चाललेली. पास्टरने गोड चहाच्या ग्लासात त्यातून वर ओतून घेतलं. पास्टरला साखरेचा आजार नव्हता.

तिने सगळ्यांना वाढून पुरं केलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. नडीन टर्मन मोठा ट्रे घासत होती. नडीन तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, हॅम आणि केक बहुतेक वेळा तिच्याकडे येत.

"नडीन, चहा कधीपासून असा आहे?"

"कसा?" नडीन ट्रेकडे बघत म्हणाली.

"आत्ता तू दारात उभी राहून ऐकत होतीस. कसा ते मला विचारू नकोस."

नडीनने नळ बंद केला. "ब्रदर क्लीवच्या वेळी जरा गोड होता. मग मोझेलच्या वेळी अजून जरा. या उन्हाळ्यात तर दात शिवशिवायचे. आम्ही बर्फ घालून प्यायचो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच."

"आणि डीकनने ते यंत्र दोनदा उघडलं ते?"

"त्याला काय माहीत नव्हतं? पण तुम्ही समोर उभ्या. तो बिचारा काय करेल, पुसून ठेवलं."

"मला एकीनेही सांगू नये?"

"मयताच्या जेवणात? कसं सांगायचं? आधी आम्हाला वाटलं हॉइटसाठी करताय. माणसाला म्हातारपणी आपल्याकडची चव आठवते. नंतर वाटलं..."

"काय वाटलं?"

"की तुम्ही दोनदा साखर घालताय. एकदा घातलेली विसरून."

व्हर्डी खुर्चीवर बसली. "मग काय ठरलं?"

"थँक्सगिव्हिंग झालं की मी तुमच्याकडे येऊन बोलायचं, असं."

"नॅपकिनचं."

नडीनने पुन्हा घासणी हातात घेतली. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. व्हर्डीला एवढं कळत होतं की आता गप्प राहिलं तर डोकं चळलं असं ठरणार, आणि बोललं तर जीभ गेली असं. दोन्हीकडून ती खुर्चीच होती, पण दुसरं निदान खरं होतं.

"माझं डोकं ठिकाणावर आहे," ती म्हणाली. "तोंडाला चव नाही. मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून. चहा हॉइट चाखतो."

नडीनने हात पुसले, समोरची खुर्ची ओढली. मग तिने विचारलं, "म्हणजे ईस्टरला माझा नारळाचा केक खाऊन तुम्ही म्हणालात, असा केक जन्मात खाल्ला नाही, ते?"

"ते खरंच होतं. तसा केक मी जन्मात खाल्ला नव्हता."

नडीन आधी रागावली असावी, पण मग तिला हसू आवरेना, आणि व्हर्डीही हसली. ट्रे तसाच राहिला.

घरी जाताना गाडीत व्हर्डीने हॉइटला सगळं सांगितलं. त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "मला खरंच वाटलं की तसाच आहे."

"माझा चहा तुला कधी आवडला नाही, हॉइट?"

"प्यायलो ना."

"मी विचारलं काय?"

"जेवणाबरोबर चालून जायचा," हॉइट म्हणाला. "तू समोर असायचीस. भांडायचं कशाला."

व्हर्डीने खिडकीची काच थोडी खाली केली. पाकाची बाटली गेली तेव्हा जीभ बदलली असं ती समजून होती. जीभ कुठे बदलते. माणूस बोलायचं तेवढं थांबतो.

पुढच्या गुरुवारी नडीनने पाच बायकांना चर्चच्या स्वयंपाकघरात बोलावलं. व्हर्डीने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, नडीनला सांगू दिलं नाही. कुणी फार हळहळलं नाही, याचं तिला बरं वाटलं. मग प्रश्न आला साखरेचा. पूर्वीच्या चहात किती साखर असे? एक म्हणाली गॅलनला एक कप. दुसरी म्हणाली, एक कपात काय होतंय, पावणेदोन तरी. तिसरीने सांगितलं की तिच्या सासूकडे दीड, आणि दुसरीने विचारलं की सासू नॉर्थ कॅरोलायनाची ना, मग तिचं काय सांगतेस. तासाभरात कळलं की चर्चमधल्या कुठल्याच दोन घरांत चहा सारखा नाही. सारखा होता तो फक्त चर्चचा, आणि त्याचं माप एकाच बाईच्या जिभेवर होतं.

शेवटी त्यांनी पाच बरण्या केल्या, पाच मापांच्या, आणि चाखायला बसल्या.

"हा."

"हा? हा तर औषध वाटतो."

"तुझ्या तोंडात आत्ता पेपरमिंट होती, मी बघितलंय. तू पाणी पी आधी."

"मिस एफीचा होता तसा हा आहे. मिस व्हर्डीचा याहून थोडा कमी."

व्हर्डी मध्ये बसून ऐकत होती. तिच्या चहाबद्दल त्या असं बोलत होत्या जसं गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, प्रत्येकीला तो वेगळा आठवत होता. तिला विचारायचं कुणाच्या लक्षात येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. चारच्या सुमाराला नडीनने तिसरी बरणी पुढे ओढली, दोन घोट घेतले, डोळे मिटून तिसरा घेतला आणि म्हणाली, "हाच. कुणी काही म्हणा." तिने फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलं: गॅलनला सव्वा कप.

व्हर्डीने चष्मा लावून ते वाचलं. सदतीस वर्षांत तिने आपला आकडा पहिल्यांदा पाहिला.

"मग आता चहा कुणी करायचा?" एकीने विचारलं.

"मिस व्हर्डी करतील," नडीन म्हणाली. "पहाटे पाचला उठून आठ गॅलन पाणी उकळायची मला हौस नाही. पण मिस व्हर्डी, कप घ्यायचा हातात. आणि हॉइटला गॅरेजमध्ये राहू द्या."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिस लोलाचं दफन झालं. व्हर्डीने कप घेतला, सुरीने वरची साखर सपाट करून मोजली, आणि चमचा तोंडाकडे नेलाच नाही. आठ बरण्या गेल्या. लोकांनी चहा घेतला. "सुरेख झालाय, मिस व्हर्डी," एकामागून एक म्हणत गेले. ती मान लववून आभार मानत होती, पण ऐकताना तिच्या मनात येत होतं की हेच शब्द, याच आवाजात, यांनी दीड वर्ष म्हटलेत. डीकनने तर ग्लास उंच धरून दाखवला. त्याच्यावर तर अजिबात विश्वास ठेवायचा नव्हता. नडीनने लांबून बोटांनी खूण केली, बरोबर. ती खूण तरी खरी की दयेची, हे कसं कळणार? बर्फ उरला होता, पण डिसेंबरात तो उरतोच. पूर्वी तिला कुणाला विचारावं लागत नसे. आता कुणी सांगितलं तरी पोचत नव्हतं.

गाडीत बसल्यावर हॉइटने इंजिन चालू केलं आणि काच गरम व्हायची वाट पाहत थांबला.

"आज तू चहा घेतलास?" व्हर्डीने विचारलं.

"घेतला."

"कसा होता?"

"मला विचारायचं नाही असं ठरलंय ना?"

"मी विचारतेय."

हॉइटने काचेवरून बाही फिरवली. तिचं मन दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. "खरं सांगू का, व्हर्डी? पाणचट. साखर म्हणून काही नव्हतीच त्यात."

"अगदीच?"

"अगदीच. मी अर्धा तसाच ठेवला."

व्हर्डीने हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि सीटला पाठ टेकली. "बरं झालं," ती म्हणाली. "चल आता."